पुन्हा घडवता न येणारा बग: एका पॅचचे आठ महिने

मी रोजच्या कामासाठी जी मुक्त-स्रोत व्हर्जन कंट्रोल प्रणाली (कोडमधील बदलांचा इतिहास जपणारे सॉफ्टवेअर) वापरते, तिच्यातील एका जुन्या बगची मी केलेली दुरुस्ती, म्हणजे पॅच, ११ सप्टेंबर २०२३ रोजी मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य कोडमध्ये, मर्ज झाली. प्रकल्प लहान आहे आणि मोजके लोक तो आपल्या फावल्या वेळात सांभाळतात, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. अशा प्रणालीच्या अंतरंगात हात घालायला मी बरीच वर्षे धजावले नव्हते. एखाद्या संकेतस्थळाच्या कोडमध्ये चूक झाली तर एक पान बिघडते. येथे चूक झाली तर दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचा वर्षानुवर्षांचा इतिहास जातो. ज्यांना हीच धास्ती वाटते त्यांच्यासाठी हे सर्व क्रमाने लिहीत आहे.

१४ जानेवारी २०२३ रोजी रात्री एका मोठ्या फेरबदलाचे कमिट केले, म्हणजे तो इतिहासात नोंदवला, प्रणालीने ते यशस्वी झाल्याचे सांगितले आणि पुढच्या काही सेकंदांत लॅपटॉप बंद पडला, कारण बॅटरी थकलेली होती आणि चार्जरची वायर सैल झालेली होती. पुन्हा सुरू केल्यावर रिपॉझिटरी (फाइली आणि त्यांचा इतिहास यांचा साठा) उघडेना. ब्रँचचे टोक वाचता येत नाही, एवढाच संदेश येत होता.

या प्रणालीत ब्रँच म्हणजे एक छोटी फाइल असते. तीत शेवटच्या कमिटचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेली ठशासारखी ओळख) लिहिलेला असतो: ६४ अक्षरे आणि ओळ संपल्याची एक खूण, मिळून ६५ बाइट्स. फाइल जागेवर होती आणि तिची लांबीही बरोबर होती. फाइलमधील बाइट्स जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्सडंपमध्ये ती उघडली तेव्हा शून्यांची एक ओळ दिसली, तिच्याखाली ‘पुढेही हेच’ असे सांगणारे एक तारांकन, आणि अखेरीस लांबी: सोळाच्या पायात ४१, म्हणजे ६५. नाव, आकार, परवानग्या सर्व काही शाबूत होते. आत मात्र काहीही नव्हते. त्या तारांकनाकडे मी बराच वेळ पाहत बसले होते.

अशा वेळी पहिली गोष्ट करावी ती एवढीच, की काहीही दुरुस्त करण्याआधी संपूर्ण रिपॉझिटरीची, लपलेल्या फोल्डरसह, दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्यावी. मी ती घेतली आणि पुढे हीच प्रत पुरावा म्हणून उपयोगी पडली. त्यानंतर ब्रँचच्या हालचालींची नोंद ठेवणारी फाइल पाहिली. तिची शेवटची ओळ गेली होती, पण आदल्या दिवसाचा हॅश शिल्लक होता. तो ब्रँचच्या फाइलमध्ये हाताने लिहिल्यावर रिपॉझिटरी उघडली. नंतर अखंडता तपासणारी आज्ञा चालवली, तेव्हा कोणत्याही ब्रँचशी न जोडलेले एक कमिट सापडले, आणि तेच माझे हरवलेले काम होते. या साऱ्याला चार तास लागले. दूरच्या सर्व्हरवर आपली प्रत आहे म्हणून मी आजवर निश्चिंत असे, परंतु आरसा-प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. २०१३ साली केडीई या मुक्त-स्रोत डेस्कटॉप प्रकल्पाच्या मुख्य सर्व्हरवरील बिघाड आरसा-सर्व्हरांनी जसाच्या तसा उचलला होता आणि दीड हजारांच्या आसपास रिपॉझिटऱ्या थोडक्यात वाचल्या होत्या.

१७ जानेवारीला बग नोंदवला. नोंदवण्यापूर्वी जुन्या नोंदी शोधल्या, तेव्हा याच स्वरूपाच्या तीन तक्रारी आढळल्या. तिन्ही बंद केलेल्या होत्या आणि तिन्हींवर एकच शेरा होता: ‘पुन्हा घडवता आले नाही’. माझ्या नोंदीत प्रणालीची आवृत्ती, कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) आवृत्ती, फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत), ती माउंट करतानाचे, म्हणजे यंत्राला जोडतानाचे, पर्याय, मी दिलेल्या आज्ञा, अपेक्षित परिणाम आणि प्रत्यक्ष परिणाम असे सर्व लिहिले व हेक्सडंप जोडला. नऊ दिवसांनी, २६ जानेवारीला मेंटेनरांचे, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांचे, उत्तर आले. भाषा सौम्य होती, आशय स्पष्ट होता: वर्णनावर विश्वास आहे, कारणाचा अंदाजही आहे, पण हा बिघाड हवा तेव्हा घडवून दाखवता आला नाही तर दुरुस्ती स्वीकारता येणार नाही, कारण ती लागू पडली की नाही हे ओळखण्याचा मार्गच राहणार नाही. मला वाईट वाटले, हे मान्य करते. आज मात्र तेच उत्तर या सगळ्या प्रवासातले सर्वांत मोलाचे होते असे वाटते.

कोड वाचायला दोन संध्याकाळी लागल्या. ब्रँचची फाइल बदलण्याची पद्धत सर्वत्र वापरली जाते तीच होती: नवा मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचा, ती बंद करायची आणि रीनेम करून जुन्या फाइलच्या जागी ठेवायची. रीनेम ही अखंड क्रिया आहे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला एक तर जुनी फाइल दिसते किंवा नवी, अर्धवट कधीच दिसत नाही. परंतु ही हमी यंत्र चालू असेपर्यंतचीच आहे. लिहिलेला मजकूर आधी मेमरीतील पेज कॅशेमध्ये जातो, आणि लिनक्सवर नेहमीच्या सेटिंगनुसार तो सुमारे ३० सेकंद तसाच राहू शकतो. तेवढ्यात वीज गेली तर नाव बदलल्याची नोंद डिस्कवर पोहोचलेली असते आणि मजकूर पोहोचलेला नसतो, अशी स्थिती उद्भवू शकते. मजकूर डिस्कवर उतरवण्याची सक्ती करणारी एफसिंक ही कर्नलला दिली जाणारी हाक आमच्या कोडमध्ये नव्हती.

हा प्रश्न नवा नाही, हे वाचताना कळत गेले आणि त्याने धीरही आला. २००९ साली एक्स्ट-४ ही फाइल सिस्टिम लोक वापरू लागले तेव्हा रिकाम्या झालेल्या फाइलींच्या तक्रारी इतक्या आल्या, की रीनेमने फाइल बदलली जात असेल तर मजकूर आधी उतरवण्याची खास सोय लिनक्स २.६.३० मध्ये करण्यात आली. २०१४ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी गिट आणि मर्क्युरिअल या व्हर्जन कंट्रोल प्रणालींसह ११ प्रणाली तपासल्या आणि त्यांत यंत्र अचानक बंद पडल्यास उघड्या पडणाऱ्या ६० कमकुवत जागा दाखवून दिल्या. गिटमध्ये कोणत्या प्रकारच्या फाइली एफसिंक करायच्या हे बारकाईने ठरवण्याची सोय २०२२ च्या २.३६ या आवृत्तीत आली. इतक्या जाणत्या लोकांना जे सहज जमले नाही, ते मला एका रात्रीत जमले नाही तर बिघडले कुठे, असे मी स्वतःला बजावले.

आता प्रश्न होता बिघाड घडवून आणण्याचा, आणि येथे मी तीन आठवडे चुकीच्या वाटेने गेले. कमिट चालू असताना प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) सिग्नल ९ ने, म्हणजे तत्काळ संपवणाऱ्या आज्ञेने, मारायची, रिपॉझिटरी तपासायची, पुन्हा मारायची, अशी एक स्क्रिप्ट लिहून मी ती रात्रभर चालवत असे. चार हजार फेऱ्या झाल्या आणि ब्रँचची फाइल एकदाही बिघडली नाही. कारण उमगले तेव्हा स्वच्छ दिसले: प्रोसेस मेली तरी कर्नल जिवंत असते, पेज कॅशेमधील मजकूर कर्नलच्या ताब्यात असतो आणि कर्नल तो यथावकाश डिस्कवर उतरवतेच. प्रोसेस मरणे आणि वीज जाणे हे दोन वेगळे अपघात आहेत. याच मार्गाला लागलेल्या कुणाचे तीन आठवडे वाचावेत म्हणून हे ठळकपणे सांगते.

१८ फेब्रुवारीपासून व्हर्च्युअल मशीन (यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले दुसरे यंत्र) वापरायला लागले. आतल्या यंत्रात कमिट करायचे आणि शून्य ते चाळीस सेकंदांत कधीतरी बाहेरून ते यंत्रच बंद करून टाकायचे. तीनशे फेऱ्यांत सात वेळा ब्रँच शून्य झाली. सातव्यांदा तोच हेक्सडंप, तेच तारांकन पाहून मला झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. तरीही तीनशेत सात हा पुरावा कच्चाच. दुरुस्तीनंतर तीनशे फेऱ्या निर्धोक गेल्या तर ती दुरुस्ती म्हणायची की नशीब?

उत्तर मिळाले ते लिनक्समधील डीएम-लॉग-राइट्स या सोयीत. डिस्कवर जाणारे प्रत्येक लेखन आणि प्रत्येक फ्लश (आतापर्यंतचे लेखन पक्के करण्याची आज्ञा) ही सोय क्रमाने नोंदवून ठेवते, आणि नंतर त्या नोंदीतील कोणत्याही टप्प्यापर्यंतची डिस्क पुन्हा उभी करता येते. म्हणजे वीज त्या विशिष्ट क्षणी गेली असती तर डिस्कवर काय उरले असते, ते नशिबावर न सोडता एकेक टप्पा घेऊन पाहता येते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझी चाचणी तयार झाली: कमिट करायचे, ते यशस्वी झाल्याचा संदेश येताच नोंदीत खूण करायची, मग प्रत्येक फ्लशपाशी आणि त्या खुणेपाशी डिस्क उभी करून ब्रँचची फाइल तपासायची. ती प्रत्येक वेळी नापास होत होती. चाचणी हमखास नापास होणे हेच मला हवे होते, कारण शोधकाम तेथे संपले आणि दुरुस्तीचे काम तेथून सुरू झाले.

चाचणी हातात आल्यावर ११ मार्चला बायसेक्ट केले, म्हणजे बिघाड नेमक्या कोणत्या कमिटपासून सुरू झाला ते शोधले. चाचणीत चांगले ठरलेले एक जुने आणि वाईट ठरलेले एक नवे कमिट यांमध्ये सुमारे २,८०० कमिट्स होती. दर पायरीला निम्मी वगळत १२ पायऱ्यांत, सव्वा तासात, दोषी कमिट सापडले. ते २०१६ चे होते. एफसिंक मुळात कोडमध्ये होते आणि या कमिटने ते काढले होते. संदेश एका ओळीचा होता: ‘अनावश्यक सिंक काढले’. का अनावश्यक, कोणत्या मोजणीवरून, कोणता धोका पत्करून, यांपैकी काहीही त्यात नव्हते. ते कमिट करणाऱ्याने त्या वेळी विचार केलाच नसेल असे मी म्हणणार नाही. बहुधा केला असेल, पण तो लिहून ठेवला नाही आणि सात वर्षांनी तो कुणालाच उपलब्ध नव्हता. माझ्या पॅचचे संदेश लांब झाले ते या एका ओळीमुळे.

मध्ये कागदपत्रांचा टप्पा आला. प्रत्येक कमिटवर खऱ्या नावाची साइन-ऑफ ओळ लागते, आणि तिचा अर्थ असा, की हे काम प्रकल्पाच्या परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे. माझ्या नोकरीच्या करारानुसार मी लिहिलेल्या कोडवर मालकांचाही हक्क पोहोचत होता, म्हणून लेखी परवानगी मागणे भाग होते. १४ मार्चला अर्ज केला. विधी विभागाने दोन गोष्टी विचारल्या: परवाना कोणता आणि कामाच्या वेळेत हे करणार का. उत्तरे दिली, एक फॉर्म दोनदा भरावा लागला कारण पहिल्यात प्रकल्पाचा पत्ता नव्हता, आणि १९ एप्रिलला परवानगी आली. पाच आठवडे गेले. हा अर्ज कोड लिहायला बसण्याआधीच करावा. साइन-ऑफमधील नाव आणि ई-मेल कमिटच्या लेखकाशी तंतोतंत जुळतात का, हेही पाहून घ्यावे, कारण स्वयंचलित तपासणी तेवढ्यावरूनच पॅच परत पाठवते.

२२ एप्रिलला पहिला पॅच पाठवला. तो तीन ओळींचा होता: रीनेमपूर्वी एफसिंक, आणि त्याच्या उत्तराची तपासणी. १ मे रोजी समीक्षा आली, ती माझ्या पॅचच्या कितीतरी पट लांब होती. तीतल्या एका मुद्द्याने मी हादरले. नवे कमिट म्हणजे ब्रँचच्या फाइलआधी लिहिल्या जाणाऱ्या अनेक ऑब्जेक्ट फाइली (कमिटचा प्रत्यक्ष मजकूर साठवणाऱ्या) असतात, आणि त्याही पेज कॅशेमध्येच पडून असतात. ब्रँचची फाइल मी सक्तीने डिस्कवर उतरवली, ऑब्जेक्ट्स मात्र तशीच सोडली. म्हणजे वीज गेली तर ब्रँच एका अशा कमिटकडे बोट दाखवील, जे डिस्कवर नाहीच. शून्य झालेली ब्रँच निदान उघड ओरडते. ही मात्र वरून धडधाकट दिसली असती. माझ्या दुरुस्तीने बिघाड गेला नव्हता. तो एक पायरी खाली, अधिक अवघड जागी सरकला होता. माझी चाचणी केवळ ब्रँचची फाइल तपासत होती, म्हणून ती पास होत होती. नियम असा, की ज्याच्याकडे बोट दाखवायचे ते आधी डिस्कवर पक्के व्हावे आणि बोट नंतर. तो समीक्षकांनी एका वाक्यात सांगितला आणि मी तो माझ्या टेबलासमोर लिहून ठेवला.

बाकीचे मुद्देही अभ्यासाचे होते. फाइल एफसिंक केली तरी तिचे नाव ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डरही एफसिंक करावा लागतो, नाहीतर रीनेमची नोंद टिकेलच याची हमी नसते. मॅकओएसवर साधे एफसिंक मजकूर डिस्कपर्यंत नेते, पण डिस्कच्या स्वतःच्या कॅशेतून तो उतरवत नाही. त्यासाठी एफ-फुलएफसिंक ही वेगळी हाक द्यावी लागते. आणि एफसिंक अयशस्वी झाले तर ते पुन्हा करून पाहायचे नाही. मी तसा पुनःप्रयत्न मोठ्या काळजीने लिहिला होता. २०१८ साली पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या मंडळींच्या लक्षात आले होते, की लिनक्सवर एकदा लेखन फसले की मेमरीतील ती पाने स्वच्छ, म्हणजे डिस्कवर उतरलेली, समजली जाऊ शकतात आणि दुसरे एफसिंक मजकूर न उतरवताच यश कळवते. तेव्हापासून त्यांचा डेटाबेस अशा वेळी स्वतःला थांबवून आपल्या लॉगमधून सावरतो. आम्हीही कमिट अयशस्वी झाल्याचे सांगून थांबायचे ठरवले.

दुसरी आवृत्ती २१ मे रोजी गेली. आता चाचणी प्रत्येक ऑब्जेक्ट उघडून त्याचा हॅश पडताळत होती आणि ती पास होत होती, पण सहा मिनिटांत संपणारा संपूर्ण चाचणीसंच एकतीस मिनिटे घेऊ लागला. एक हजार छोट्या फाइलींचे कमिट माझ्या यंत्रावर एका सेकंदाच्या आत होत असे, त्याला चौदा सेकंद लागू लागले. २०१६ मध्ये ते सिंक का काढले गेले असेल, हे मला त्या दिवशी मनापासून समजले. सुरक्षित पण कुणी वापरणार नाही अशी दुरुस्ती लोक बंद करून ठेवतात, आणि मग ती नसल्यासारखीच असते.

तोडगा गिटच्या ‘बॅच’ पद्धतीवरून घेतला. सर्व ऑब्जेक्ट्स आधी एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहायचे, त्यांचा मजकूर डिस्ककडे पाठवायला सुरुवात करायची, सर्वांसाठी मिळून डिस्कचा एकच फ्लश करायचा, आणि त्यानंतरच त्यांना कायमच्या जागी न्यायचे. ब्रँचची फाइल सर्वांत शेवटी. चौदा सेकंदांचे पावणेदोन झाले. नेहमीच्या चाचण्यांसाठी एफसिंक बंद ठेवण्याचा पर्याय दिला, कारण तेथे वीज जाण्याची परीक्षा नसते. गिटच्या चाचण्यांतही अशीच सोय आहे. डीएम-लॉग-राइट्सला रूट, म्हणजे यंत्रावरील सर्वोच्च, अधिकार लागत असल्याने ती चाचणी नेहमीच्या संचात बसत नव्हती. ती वेगळ्या यंत्रावर आठवड्यातून एकदा चालवायचे ठरले.

तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीत जून-जुलै गेले. एका पॅचचे चार केले, प्रत्येक स्वतंत्रपणे बिल्ड होईल आणि स्वतंत्रपणे मागे घेता येईल असा. विंडोजवर दुसऱ्या कुणी उघडून ठेवलेल्या फाइलवर रीनेम फसत होते, म्हणून थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करण्याची मर्यादित सोय केली. बंद पडलेल्या यंत्रावर मागे राहिलेली लॉक फाइल (एका वेळी एकाच प्रोसेसने बदल करावा म्हणून ठेवलेली खूण) आपोआप काढून टाकण्याचा माझा प्रस्ताव मात्र मेंटेनरांनी नाकारला. लॉकमध्ये लिहिलेला प्रोसेस क्रमांक पुन्हा दुसऱ्याच प्रोसेसला मिळू शकतो, नेटवर्कवरील डिस्कवर तो क्रमांक दुसऱ्याच यंत्राचा असू शकतो, आणि जिवंत प्रोसेसचे लॉक चुकून काढले तर आपणच रिपॉझिटरी बिघडवू. मला तेव्हा हे अतिसावध वाटले; दोन दिवस विचार केल्यावर पटले. आता केवळ संदेश सुधारला आहे: लॉक कधी तयार झाले, कोणत्या यंत्रावर, आणि काढण्यापूर्वी काय तपासावे.

समीक्षेच्या प्रत्येक फेरीत साधारण दहा ते वीस दिवसांची वाट होती. पहिल्या दोन फेऱ्यांत मी रोज पान उघडून पाहत असे आणि अस्वस्थ होत असे. नंतर स्वतःपुरता नियम केला, की पाठवल्यावर दोन आठवडे विचारणा करायची नाही, आणि केलीच तर काय बदलले व कोणता प्रश्न उघडा आहे हे दोन ओळींत लिहूनच करायची. नवी आवृत्ती पाठवताना आधीच्या प्रत्येक शेऱ्याखाली ‘केले’ किंवा ‘केले नाही, कारण’ असे उत्तर लिहिले, तेव्हापासून उत्तरे लवकर येऊ लागली. या कामाला पैसे लागले नाहीत. माझ्या नोंदीनुसार १६० तास लागले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक तास बिघाड घडवून आणण्यात गेले.

पाचवी आवृत्ती १९ ऑगस्टला पाठवली. एका संदेशातील शब्द बदलण्याखेरीज तीत काही निघाले नाही, आणि ११ सप्टेंबरला ती मर्ज झाली. पहिल्या कमिटचा संदेश चाळीस ओळींचा आहे: २०१६ मध्ये काय काढले गेले, त्याने गती किती वाढली होती, धोका कोणता होता, आता किती वेळ जास्त लागतो, आणि हे सर्व पुन्हा मोजायचे असल्यास कोणती आज्ञा चालवावी.

त्या आठवड्यात मी जुन्या तीन तक्रारींकडे परत गेले. दोघांनी त्या वेळी फाइल सिस्टिम आणि घटनाक्रम लिहून ठेवला होता. त्यांची मांडणी चाचणीत बसवून पाहिली, जुन्या कोडवर दोन्ही बिघाड घडले, नव्या कोडवर घडले नाहीत, आणि मेंटेनरांनी त्या दोन नोंदींवरील ‘पुन्हा घडवता आले नाही’ हा शेरा काढून तेथे आमच्या कमिटचा हॅश लिहिला. तिसरी तक्रार नेटवर्कवरील डिस्कची होती. तेथे डीएम-लॉग-राइट्सची मात्रा चालत नाही, कारण लेखन दुसऱ्या यंत्रावर होते आणि नोंद माझ्या हातात येत नाही. ती मी उघडी करून घेतली आहे. दोन व्हर्च्युअल मशीन, त्यांतील सर्व्हरच्या डिस्कवर नोंद, असा एक आराखडा तिच्याखाली लिहिला आहे आणि चाचणीचा पहिला अर्धा भाग चालतो आहे.